एका तिकिटात सहा देश: बाल्कन सहलीचा रोखठोक हिशेब

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा व्हिशाच्या घोळापायी कापला, अर्धा चहापायी. दोन्हींचा खुलासा पुढे येईलच.

मी भुसावळच्या कंट्रोल ऑफिसातून सेक्शन कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे कुठल्याही प्रवासात माझं लक्ष आधी जातं ते गाडी कुठे थांबली, का थांबली आणि कुणामुळे थांबली याकडे. सौ. म्हणते, अहो, बाहेर डोंगर बघा. मी घड्याळ बघतो. या सहलीचा हा रिव्ह्यूही त्याच सवयीतून लिहिलाय. ज्यांना फोटो काढायच्या जागांची यादी हवी आहे त्यांनी टूरवाल्यांचं पत्रक वाचावं, त्यात ती छान रंगीत दिलेली आहे.

टूरवाले जळगावचे. नाव देत नाही, कारण आमच्या ग्रुपमधल्या एका जोडप्याच्या पैशांचा विषय अजून मिटायचा आहे. दर माणशी साडेतीन लाख, मुंबई ते मुंबई, व्हिसा फी वेगळी. २०२५ च्या मे महिन्यात गेलो. बसमध्ये रावेर-यावलकडचे केळीवाले, चोपड्याचे जिनिंगवाले आप्पा, अमळनेरच्या निवृत्त शिक्षिका कुलकर्णी बाई, शहाद्याचं डॉक्टर जोडपं आणि आम्ही दोघं. टूर मॅनेजर पाचोऱ्याचा पोरगा होता. वय तीसच्या आत, पण डोकं थंड. त्याच्यावर माझी एकही तक्रार नाही, सगळ्या तक्रारी ऑफिसवर आहेत.

पहिली तक्रार पत्रकाची. 'एका तिकिटात सहा देश' असं मोठ्या अक्षरात छापलंय: इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, माँटेनेग्रो, बोस्निया, सर्बिया. त्यातली इटली म्हणजे व्हेनिसचा विमानतळ आणि पुढे सीमेवरच्या एका चौकाचा अर्धा भाग. उरलेले पाच १९९१ पर्यंत एकच देश होते. युगोस्लाव्हिया हा शब्द सगळ्या पत्रकात एकदाही नाही. आमच्या पिढीला युगोस्लाव्हियाचे टिटो, आपले नेहरू, इजिप्तचे नासेर ही नावं पाठ होती. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ साली बेलग्रेडलाच भरली होती. म्हणजे टूरवाले एकच देश पाच वेळा विकतात, आणि मधल्या सीमांचा खर्च आपण भरतो. मला त्याचा राग नाही. पण जे विकताय त्याची गोष्ट निदान चार ओळीत सांगा.

चहाचा प्रकार व्हेनिसलाच झाला. बरोबर स्वयंपाकाचे महाराज होते, त्यांच्या पेट्यांमध्ये दूध पावडर आणि तुपाचे डबे. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिथे मनाई आहे. कस्टमवाल्यांनी शांतपणे सगळं काढून घेतलं. ऑफिसने हे आधी सांगायला नको? पुढे कितीतरी दिवस लोकांनी मिळेल त्या दुधाचा, मिळेल तसा चहा प्यायला. गंमत अशी, की पेट्या उघडल्या त्या व्हेनिसला एकदाच. पुढे स्लोव्हेनियात शिरताना आणि तिथून क्रोएशियात जाताना कुणी डब्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिन्ही देशांची जकात एकच. आप्पांना हे लगेच समजलं. जीएसटीच्या आधी, म्हणजे २०१७ पूर्वी, कापसाच्या गाठी घेऊन मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या सेंधव्याच्या नाक्यावर रात्र काढणारा माणूस तो.

आता त्या अर्ध्या चौकाबद्दल, कारण पैसे तिथेच वसूल झाले असं माझं मत. इटलीचं गोरिझिया आणि स्लोव्हेनियाचं नोव्हा गोरित्सा ही जोडगावं. दोघांच्या मध्ये एक रेल्वे स्टेशन आहे, १९०६ सालचं, ऑस्ट्रियाच्या राज्यात बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये सीमा आखली गेली तेव्हा जुनं गाव इटलीला गेलं आणि हे स्टेशन युगोस्लाव्हियाला. गाव गेलं म्हणून टिटोच्या सरकारने स्टेशनाच्या बाजूला नवं गाव वसवलं. स्टेशनासमोरच्या चौकातून कुंपण गेलं. २००४ मध्ये स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला, तेव्हा ते कुंपण निघालं. आता तिथे जमिनीत एक गोल चकती बसवली आहे. एक पाय इटलीत, एक स्लोव्हेनियात ठेवून लोक फोटो काढतात. २०२५ साली ही दोन्ही गावं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी होती, त्यामुळे चौकात झेंडे, बँड, गर्दी.

आमचे सगळे फोटो काढत होते. मी शहाद्याच्या डॉक्टरांना म्हटलं, डॉक्टर, हे तर आपलं नवापूर. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर स्टेशनातून महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरचं ऑफिस गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूला राज्यांची नावं लिहिली आहेत. स्टेशन बांधलं तेव्हा ही हद्दच नव्हती. १ मे १९६० ला ती आली. पण आपल्याकडे हद्द आली तरी रेल्वे केंद्राची राहिली. नाणं एक, न्यायालय वर एक. म्हणून नवापूरचा बाक गमतीचा विषय झाला. गोरित्साला त्याच जागी कुंपण आणि पहारेकरी होते. टूर मॅनेजरने तिथे वीस मिनिटं दिली होती. मी हट्टाने स्टेशनाच्या आत जाऊन आलो, त्यामुळे बस उशिरा निघाली. हे विलंबाचं कारण माझ्या खात्यावर घ्यावं.

ल्युब्ल्याना सुंदर, ब्लेडचं तळं त्याहून सुंदर, यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला तिथली गाइड आवडली. प्रत्येक देशात स्थानिक गाइड वेगळा, ही या सहलीची सगळ्यात चांगली सोय आहे, आणि बहुधा टूरवाल्यांच्या ध्यानीमनी नसलेली. कारण एकच गोष्ट आपल्याला पाच तोंडांनी ऐकायला मिळते.

स्लोव्हेनियाच्या बाईंची गोष्ट पैशाची होती. २ कोटी ३५ लाखांच्या युगोस्लाव्हियात आम्ही जेमतेम २० लाख, पण निर्यातीत आमचा वाटा कितीतरी मोठा. मागास प्रजासत्ताकांसाठी आणि सर्बियातल्या कोसोव्हो प्रांतासाठी केंद्राचा एक विकास निधी होता, त्यात आम्ही भरत राहिलो आणि तो पैसा कुठे जातो ते कळेना, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकत होतो आणि मनात आपलंच चालू होतं. १९९४ मध्ये राज्यात वैधानिक विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. खानदेश कुठे? 'उर्वरित'मध्ये, मुंबई-पुण्याच्या पंगतीत. अक्कलकुवा आणि धडगाव यांची सरासरी पुण्याबरोबर काढली, की अनुशेष आपोआप दिसेनासा होतो. म्हणजे त्यांची तक्रार देणाऱ्याची, आपली न मिळणाऱ्याची. संघराज्यात प्रत्येकाला आपणच ठकलो असं वाटतं, आणि बहुतेक वेळा प्रत्येकाजवळ त्याचा कागदही असतो.

मग तिकडेच का फुटलं? बाईंना विचारलं. त्यांनी १९७४ च्या घटनेकडे बोट दाखवलं. सहा प्रजासत्ताकं, सर्बियातले दोन स्वायत्त प्रांत, आणि टिटोनंतर आठ जणांचं सामुदायिक अध्यक्षमंडळ, दरवर्षी फिरतं प्रमुखपद. टिटो ४ मे १९८० ला ल्युब्ल्यानाच्याच इस्पितळात वारले. मागे राहिलं ते सुमारे २० अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज आणि प्रत्येक प्रजासत्ताकाची स्वतःची राष्ट्रीय बँक. माझ्या मते घोडं इथेच अडलं. सर्बियाचा नेता मिलोशेविच, त्याने १९८९ मध्ये दोन्ही प्रांतांची स्वायत्तता मोडली, पण अध्यक्षमंडळातली त्यांची मतं ठेवली. म्हणजे आठपैकी सर्बियाच्या खिशात आपलं एक अधिक ही दोन, शिवाय माँटेनेग्रोचं. त्याच साली सर्बियाने स्लोव्हेनियाच्या मालावर बहिष्कार घातला. डिसेंबर १९९० मध्ये सर्बियाने केंद्राला न विचारता एक अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे दिनार परस्पर काढून घेतले. एका देशातल्या एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या मालावर बहिष्कार घालायचा आणि तिजोरीला परस्पर हात घालायचा, यानंतर झेंडा एक ठेवून काय उपयोग? २५ जून १९९१ ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया दोघेही बाहेर पडले.

ल्युब्ल्याना-झाग्रेब रस्त्यावर गाडी शेवटी सावा नदीच्या खोऱ्यात शिरते. पत्रकात या टप्प्याला 'आरामदायी प्रवास' एवढंच म्हटलंय. माझ्यासाठी या टप्प्यात दोन तीर्थं होती, दोन्ही न थांबता गेली. एक क्र्श्कोचं अणुवीज केंद्र. युगोस्लाव्हियाच्या काळात दोन प्रजासत्ताकांनी मिळून बांधलेलं, १९८३ पासून वीज देतंय, आणि आजही मालकी निम्मी स्लोव्हेनियाची, निम्मी क्रोएशियाची. देश वेगळे झाले, पण अणुभट्टीची खातेफोड कशी करणार? भांडणं झाली, वर्षानुवर्षं झाली, आणि वीज अर्धी-अर्धी वाटून घेणं चालू आहे.

दुसरं दोबोवा स्टेशन. स्लोव्हेनियाची रेल्वे ३००० व्होल्ट डीसीवर चालते, क्रोएशियाची २५००० व्होल्ट एसीवर. दोबोवाला इंजिन बदलतं. आमच्याकडे इगतपुरीला हेच होतं: मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसी यायचं, भुसावळकडे २५००० व्होल्ट एसी लागायचं, आणि प्रत्येक गाडीचं इंजिन बदलायला लागायचं. हा फरक युगोस्लाव्हिया फुटल्यामुळे पडलेला नाही, तो आधीपासूनचा आहे. एकाच रेल्वेत दोन तऱ्हेची वीज चालत होती आणि त्यावरून कुणी वेगळं व्हायला निघालं नव्हतं. कंटाळलेली सौ. म्हणाली, तुम्हाला परदेशातही इगतपुरीच दिसली का? दिसली.

क्रोएशिया घाईत उरकला. झाग्रेबला एक संध्याकाळ, प्लित्वित्सेची तळी (इथे मात्र चालायची तयारी ठेवा, गुडघेवाल्यांनी काठी न्यावी), स्प्लिटला रोमन बादशहाच्या राजवाड्यात आता लोक राहतात, दुकानं चालतात. हॉटेलं तीन तारे म्हणून सांगितली तशीच होती. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला एकाच दिवशी शेंगेनमध्येही (आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात) गेला आणि युरो चलनातही, त्यामुळे इथपर्यंत पैसे बदलायची कटकट नाही. पासपोर्टचं मात्र सांगून ठेवतो: कागदावर तपासणी नसली तरी स्लोव्हेनियाने २०२३ च्या ऑक्टोबरपासून क्रोएशियाच्या सीमेवर तात्पुरती तपासणी परत लावली आहे. आमची बस दोन मिनिटं थांबवून एक पोलीस आत डोकावून गेला. पासपोर्ट पेटीत ठेवू नका.

आता व्हिशाचा घोळ. नकाशा डोळ्यापुढे आणा. क्रोएशियाचा किनारा लांबच लांब आहे, पण खाली डुब्रोव्हनिकच्या आधी मध्येच सुमारे वीस किलोमीटर किनारा बोस्नियाचा येतो, नेउम गावाचा. कारण तीनशे वर्षांपूर्वीचं. डुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिसवाल्यांची हद्द आपल्याला चिकटू नये म्हणून ती पट्टी तुर्कांना देऊन टाकली. देश एक होता तोवर या रेघेला कुणी विचारत नव्हतं. देश फुटला आणि क्रोएशियाचे दोन तुकडे झाले. स्वतःच्याच देशात जायला दोनदा सीमा ओलांडायची. युरोपीय संघाने ३५ कोटी युरोंहून जास्त मदत दिली, चिनी कंपनीने बांधलं, आणि २६ जुलै २०२२ ला २४०४ मीटरचा पेल्येशात्स पूल सुरू झाला. बोस्नियाला वळसा.

आमच्या ग्रुपमधल्या रावेरकडच्या काका-काकूंना व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला होता. बाकी आम्हा सगळ्यांना अनेक प्रवेशांचा. भारतीय पासपोर्टवर बोस्नियात शिरायला अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा चालतो, एकाचा नाही. ऑफिसमधून त्यांना सांगितलं होतं, "काका, शेंगेन मिळालं ना? मग झालं, निवांत बसा." काका निवांत बसले. पूल होता म्हणून डुब्रोव्हनिकपर्यंत तरी आले. तिथून पुढे आम्ही बसने माँटेनेग्रोला निघालो आणि ते दोघं विमानाने परत, वरच्या तिकिटाचे पैसे खिशातून भरून. काकू हॉटेलच्या दारात उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या, माझ्यासाठी त्या मोस्तारच्या पुलाचा फोटो आणा. पाचोऱ्याच्या पोराने रात्रभर फोन केले, पण त्याच्या हातात काय होतं? हा एक तारा तिथे गेला.

डुब्रोव्हनिक ते कोटोर हे अंतर फार नाही, पण सीमेवर मे महिन्यातसुद्धा दोन तासांवर बस उभी. इथे शेंगेन संपतं. एकेक पासपोर्ट, शिक्के, पुढे शंभर पावलांवर पुन्हा तेच. आप्पा खाली उतरून रांगेतले ट्रक मोजायला लागले. माँटेनेग्रो युरोपीय संघात नाही, पण चलन युरोच वापरतो, कुणाची परवानगी न घेता, आधी जर्मन मार्क वापरायचे ते २००२ पासून युरो. २००६ च्या सार्वमतात ५५ टक्क्यांची अट होती, साडेपंचावन्न टक्के पडले आणि सर्बियापासून वेगळे झाले. कोटोरची खाडी पाहिली की सीमेवरचे दोन तास विसरायला होतात. माझ्यासारखा माणूससुद्धा विसरला.

सिमकार्ड! ऑफिसने प्रत्येकाला 'युरोप सिम' दिलं होतं, हजार रुपये घेऊन. स्लोव्हेनिया-क्रोएशियात उत्तम चाललं. सीमा ओलांडताच मेलं. युरोपीय संघाच्या आत रोमिंगचा दर नाही. बाहेर राहिलेल्या सहा जणांनी, म्हणजे सर्बिया, बोस्निया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, कोसोव्हो आणि अल्बानिया यांनी, १ जुलै २०२१ पासून आपापसातलं रोमिंग बंद केलंय. तेव्हा माँटेनेग्रोत एक सिम घेतलं की ते बोस्निया आणि सर्बियातही चालतं. जुना देश मोबाइलच्या दुनियेत दोन तुकड्यांत जुळलाय, आणि दोन्ही तुकड्यांना सिम वेगळं. जाणाऱ्यांनी दोन घ्यावीत. हजार रुपये ऑफिसला देऊ नयेत, तिथे स्वस्त मिळतात.

बोस्नियाबद्दल मी जास्त लिहिणार आहे, आणि पत्रकात त्याला सगळ्यात कमी जागा आहे.

त्रेबिन्येकडून शिरलो. पाटी 'रिपब्लिका स्रप्स्का'ची, रशियन वळणाच्या लिपीत. कुलकर्णी बाईंनी विचारलं, आपण सर्बियात आलो का? नाही बाई, हा बोस्नियाच. डिसेंबर १९९५ मध्ये ज्या डेटन करारावर सह्या होऊन युद्ध थांबलं, त्या कराराने देश दोन भागांत बांधला: बोस्नियाक (म्हणजे बोस्नियाचे मुसलमान) आणि क्रोएट यांचं फेडरेशन, आणि ही सर्बांची रिपब्लिका स्रप्स्का. वेगळा ब्रच्को जिल्हा. फेडरेशनमध्ये पुन्हा दहा कँटन (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग), प्रत्येकाचं मंत्रिमंडळ. २०१३ च्या जनगणनेत सगळ्या देशाची वस्ती सुमारे ३५ लाख. आपल्या एका जळगाव जिल्ह्याची २०११ ला ४२ लाख. त्या ३५ लाखांवर चौदा सरकारं. रेल्वे कंपन्यासुद्धा दोन, प्रत्येक भागाची आपली.

वरती राष्ट्राध्यक्ष तीन. एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, आणि दर आठ महिन्यांनी अध्यक्षपद फिरतं. आमच्या बसमध्ये पुढच्या सीटा रोज फिरायच्या, हा टूरवाल्यांचा नियम होता आणि त्यावरून रोज सकाळी कुरबूर व्हायची. कुलकर्णी बाई म्हणाल्या, "यांच्याकडे देशच असा चालतो का हो?" गाइड हसला आणि म्हणाला, तुमच्याकडे निदान बस पुढे जाते. तो मोस्तारचा, चाळिशीतला. त्याने सांगितलं की ज्यू किंवा रोमा माणूस या तिघांत उभाच राहू शकत नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्येच हे चूक ठरवलं, पण घटना अजून तशीच आहे. काही गावांत एकाच शाळेच्या इमारतीत क्रोएट आणि बोस्नियाक मुलं वेगळ्या वर्गात, वेगळा अभ्यासक्रम शिकतात.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. गाड्यांच्या नंबरप्लेटा. आपल्याकडे एमएच-१९ दिसलं की जळगाव, १८ म्हणजे धुळे, ३९ म्हणजे नंदुरबार. बोस्नियात युद्धानंतर प्लेटवरून कळायचं गाडी कुठल्या बाजूची, आणि दुसऱ्या बाजूला जायची लोकांना भीती वाटायची. १९९८ मध्ये नवीन प्लेटा आल्या. त्यावर गावाचं नाव नाही, आणि अक्षरं फक्त अशीच निवडली जी रोमन आणि सिरिलिक (तीच रशियन वळणाची) दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात. लोक पुन्हा इकडून तिकडे फिरायला लागले. इतकी साधी कारकुनी युक्ती. आयुष्यभर सर्क्युलरं वाचलेल्या माणसाला अशा गोष्टीचं मोल कळतं.

मोस्तारचा पूल १५६६ चा. ९ नोव्हेंबर १९९३ ला क्रोएट सैन्याच्या तोफांनी पाडला, २००४ मध्ये पुन्हा उभा केला. काकूंसाठी फोटो काढला. इथे गाइडांची गंमत ध्यानात आली. डुब्रोव्हनिकच्या गाइडने ६ डिसेंबर १९९१ चा तोफमारा छतांवरच्या कौलांच्या रंगासकट समजावला होता. मोस्तारच्या पुलाचं नाव काढलं तेव्हा, "हो, दुःखद घटना," एवढंच. मोस्तारच्या गाइडने पुलाचं सगळं सांगितलं. बेलग्रेडच्या गाइडने १९९९ मधले नाटोच्या बाँबहल्ल्यांचे ७८ दिवस आणि संरक्षण खात्याची पडकी इमारत दाखवली, सर्बांनी सारायेव्होला घातलेल्या वेढ्यावर मात्र एक वाक्य. कुणी खोटं बोललं नाही. ज्याने त्याने आपली जखम दाखवली आणि आपण केलेली झाकली. म्हणून सांगतो, ही सहल अर्धी घेऊ नका. तीन देशांचं स्वस्त पॅकेज आहे, ते घेतलंत तर एकाच बाजूचं ऐकून याल.

सारायेव्होला दोन रात्री होत्या, चार हव्या होत्या. १९८४ मध्ये इथे हिवाळी ऑलिंपिक झालं, आठ वर्षांनी वेढा पडला, तो १४२५ दिवस चालला. ग्रंथालय जळालं ती इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली. आमच्या लोकांचं खाण्याचं इथेच खरं जमलं. महाराजांना सुट्टी दिली होती. भाजीबाजारात एका बाईने पावाच्या तुकड्यावर 'आय्वार' चाखायला दिलं: भाजलेली लाल मिरची, थोडं वांगं, तेल, लसूण. आप्पांनी तोंडात घातलं आणि जोरात म्हणाले, "हाई तं आपलं भरीतच शे!" बामणोदच्या वांग्याची सर नाही, मिरचीही गोडी, पण भाजल्याचा वास तोच. मग काय, पोळीशी आय्वार, भाताशी आय्वार. हे आय्वार आम्हाला ल्युब्ल्यानापासून बेलग्रेडपर्यंत प्रत्येक दुकानात दिसलं. सारायेव्होच्या एका किराणा दुकानात फळीवर क्रोएशियाचा वेगेटा मसाला, स्लोव्हेनियाचं कॉक्टा सरबत आणि सर्बियाची प्लाझ्मा बिस्किटं शेजारी-शेजारी होती. राजकारण्यांना जमायच्या आधी वाण्यांनी बाजार पुन्हा एक केला.

सारायेव्होहून बेलग्रेडला बसने सात-आठ तास. रस्ता द्रिना नदीकडे उतरतो. स्रेब्रेनित्सा तिथून फार लांब नाही. जुलै १९९५ मध्ये आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे तिथे मारले गेले, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याला वंशसंहार ठरवलंय. बस थांबली नाही. विचारलं तर उत्तर मिळालं की ऑफिसच्या मते लोकांचा मूड जातो. वाटेत भेटवस्तूंच्या दुकानापाशी मात्र दोनदा थांबलो. याचा तारा मी कापलेला नाही, कारण कशात मोजायचा ते कळलं नाही.

बेलग्रेडला शहरदर्शन बदलावं लागलं, विद्यार्थ्यांचे मोर्चे चालू होते. नोव्ही सादच्या नूतनीकरण झालेल्या स्टेशनाचं छत १ नोव्हेंबर २०२४ ला कोसळलं, त्यात १६ माणसं गेली, तेव्हापासून पोरं रस्त्यावर होती. टूर मॅनेजरने तासाभरात कार्यक्रम फिरवला, कुणाची गैरसोय झाली नाही. पूर्ण मार्क. टिटोची समाधी पाहिली. नंतर मी एकटाच मुख्य स्टेशनावर गेलो, वेळापत्रकाचा फलक वाचायला. झाग्रेबची गाडी नाही. २०२० च्या करोनात थांबली ती थांबलीच. सारायेव्होची नाही. एकेकाळी एका रेल्वेच्या दोन मोठ्या स्टेशनांमध्ये आज एकही प्रवासी गाडी धावत नाही, रूळ असूनही. स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, दारातून आत जाऊन पुन्हा एका बाजारात आले. सर्बिया आणि उत्तर मॅसेडोनियाने अल्बानियाला घेऊन 'ओपन बाल्कन' नावाची आपली जोडणी काढली, त्यात बोस्निया, माँटेनेग्रो आणि कोसोव्हो शिरलेच नाहीत. ब्रुसेल्सच्या दारातही जो आधी आत गेला तो दार धरून उभा: सीमेच्या वादावरून स्लोव्हेनियाने २००८-०९ मध्ये क्रोएशियाचा प्रवेश महिनोन्‌महिने अडवला होता.

घ्यावी का ही सहल? घ्यावी. हॉटेलं, बस, टूर मॅनेजर, स्थानिक गाइड या चारही गोष्टी पैशाच्या मानाने चांगल्या. दूध पावडर नेऊ नका. व्हिसा हातात आला की त्यावर प्रवेश किती लिहिलेत ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, ऑफिसवर विसंबू नका. बोस्नियात वेगळं चलन आहे, युरोला जवळपास दोन मार्क, दर कायद्याने बांधलेला, त्यामुळे फसवणूक होत नाही. सर्बियात दिनार, ते उरले तर विमानतळावरच संपवा, बाहेर कुणी घेत नाही.

काका-काकूंनी अर्ध्या सहलीच्या परताव्यासाठी अर्ज दिलाय. मी त्यांना विलंबाच्या कारणांसकट मुद्देसूद तक्ता करून दिला, आमच्या ऑफिसात द्यायचो तसा. ऑफिसचं उत्तर आलं, "विषय वरिष्ठांकडे पाठवला आहे." वरिष्ठ म्हणजे मालकांचे थोरले बंधू, शेजारच्याच टेबलावर बसतात. पैसे जमा झाले की इथे तारा वाढवीन.